फुटबॉलमधल्या रेवड्यांच्या कुस्त्या कुठं गेल्या?

प्रति,
कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या तालमी, तरुण मंडळं आणि फुटबॉल संघांची कारभारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

माझ्या किटबॅगेत तीन नंबरचे सहा चेंडू असतात, चार नंबरचे आठ, बश्यांसारखे प्लॅस्टिकचे मार्कर, जखमेवर लावायची औषधाची बाटली आणि एका जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. पुरीएवढंच आहे, पण वजनाला दणकट. त्याला सुतळी बांधलीय. मैदानावर एखादं प्रदर्शन, मेळावा, लग्न नाहीतर सभा होऊन गेली की दुसऱ्या दिवशी पहाटे आमचा सराव नसतो, नांगरणी असते. पोरं हातभर अंतर ठेवून एका ओळीत उभी राहतात, मधला चुंबक ओढतो, बाकीची खाली बघत चालतात. या गोललाइनपासून त्या गोललाइनपर्यंत आणि परत. मांडववाल्यांचे खिळे, बांधायच्या तारेचे तुकडे, सोड्याच्या बाटल्यांची बुचं. काच चुंबकाला चिकटत नाही, ती डोळ्यांनीच शोधायची. गेल्या थंडीत एका सकाळी पोरांनी खिळे मोजले. एकशे चौदा भरले. त्यातला एक पोरगा म्हणाला, "सर, भंगारात घालूया, एक बॉल येईल."

मैदानाचं नाव लिहीत नाही. तुम्ही ओळखाल, आणि नाही ओळखलंत तरी तुमच्या पेठेजवळचं मैदान यापेक्षा फार वेगळं नसणार.

हे सगळं विनोदी वाटेल म्हणून पुढचं सांगतो. माझ्याकडं दहा वर्षांचा एक गोली होता. अंगानं काटकुळा, पण उजवीकडं असा झेपावायचा की बघणाऱ्याच्या तोंडातून आपोआप "वाऽऽ" निघावं. एका नांगरणीत आमच्या नजरेतून एक खिळा सुटला आणि त्याच्या गुडघ्याखाली शिरला. दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन टाके. पंधरा दिवसांनी तो परत आला. गोलमध्ये उभा राहिला. चेंडू उजवीकडून जायचा आणि हा नुसतं वळून बघायचा. महिनाभर उभ्या-उभ्या गोल खाल्ले त्यानं. मी समजावलं, रागावलो, स्वतः झेप घेऊन दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "सर, खाली काय हाय ते दिसत नाही ना." गोलीला जमिनीची भीती बसली की तो गोली राहत नाही. आता तो क्रिकेट खेळतो.

हे पत्र मी महापालिकेला लिहू शकलो असतो. निवेदनं दिलीत, पोचही घेतलीय, ती फाईल घरी आहे. पण यावेळी मुद्दाम तुम्हाला लिहितोय, कारण माती म्हणजे काय हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही. तुमच्या मंडळांच्या नावात 'तालीम' आहे. फुटबॉलचा संघ नंतर आला, आधी हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा होता. त्या हौद्यातली माती कशी राखतात हे मी लहानपणी आजोबांच्या बोटाला धरून पाहिलंय. तांबडी माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचं, रोज खोऱ्यानं वरखाली करायची. खडा लागला तर वस्तादाच्या शिव्या पोराला नाहीत, माती राखणाऱ्याला. चप्पल घालून हौद्यात पाय टाकायची कुणाची छाती नव्हती. आणि त्याच तालमीचा संघ ज्या मैदानावर घडायचा, तिथं चारचाकी शिकणारे, बुलेट फिरवणारे, रात्री बाटल्या फोडणारे, सगळे येऊन जातात. तिथली माती कुणाचीच नाही.

मी तुमच्याविरुद्ध नाही. मीसुद्धा एका मंडळाचा जुना हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू आहे. शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर उन्हात बसून घसा बसेपर्यंत ओरडलोय. देशात बहुतेक ठिकाणी फुटबॉल कंपन्यांनी, बँकांनी, पोलीस-रेल्वेच्या संघांनी चालवला. कोल्हापुरात तो गल्लीनं चालवला, वर्गणी काढून. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आपण हा खेळ घरच्या कार्यासारखा केला. शनिवारी-रविवारी पेठेच्या सामन्याला जेवढी माणसं आपल्याकडं तिकीट काढून येतात, तेवढी मोठमोठ्या शहरांत फुकट बोलावून येत नाहीत. हे श्रेय तुमचं आहे. पण या सगळ्या दणक्यात एक गोष्ट आपण कुस्तीकडून घ्यायची विसरलो.

कुस्तीच्या मैदानाची सुरुवात कशानं होते? जत्रेत बघा. खासबागेसारख्या मोठ्या मैदानाची गोष्ट सोडा, साध्या गावच्या मैदानात बघा. लाखाची कुस्ती संध्याकाळी सुटते. त्याआधी दुपारपासून रेवड्यांच्या कुस्त्या चालतात. लंगोट नीट न बसलेली सात-आठ वर्षांची पोरं, त्यांची जोड लावायला एक जुना पैलवान, वजनाला वजन आणि उंचीला उंची बघून. जिंकला त्याला रेवड्या, हरला त्यालाही मूठभर. मग नारळावरच्या, मग दहा-वीस रुपयांच्या, असं करत करत शेवटच्या कुस्तीला जायचं. मोठा पैलवान आभाळातून पडत नाही हे ज्यानं ही रीत पाडली त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि कुठल्याच वस्तादानं आठ वर्षांच्या पोराला वीस वर्षांच्या पैलवानाशी, त्याच्याच मापाच्या हौद्यात, 'खेळ' म्हणून सोडलेलं मी ऐकलं नाही.

फुटबॉलमध्ये आपण नेमकं तेच करतो.

लहान गटाची स्पर्धा म्हणून आपण काय भरवतो? तेच पूर्ण मैदान, तेच अकरा-अकरा, तोच पाच नंबरचा चेंडू आणि तेच गोलपोस्ट. गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर, म्हणजे चोवीस फूट बाय आठ फूट. आत उभा राहणारा पोरगा सव्वाचार फुटांचा. त्याच्या डोक्यावरून मारला की गोल. मग अकरा वर्षांच्या पोरांना बाहेरून एकच ओरडा सुरू होतो, "लांबनं मार, वरनं मार!" पोरगं वरून मारतं, गोल होतो, काका खिशातून पन्नासची नोट काढून देतात. ते पोरगं त्या दिवशी शिकतं की पासची गरज नाही, डोकं वर करून बघायची गरज नाही, पायात जोर असला की झालं. आणि सोळाव्या वर्षी समोर साडेपाच-सहा फुटांचा गोली आला की त्याच पोराला आपण म्हणतो, "याला खेळातलं काय कळतच नाही."

पाच नंबरच्या चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. भिजला की पोराच्या पायाला धोंडा लागल्यासारखा लागतो. सात-आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, बारापर्यंत चार नंबरचा आणि तिथून पुढं पाच नंबरचा, ही साधी गोष्ट आहे. दुकानात हे चेंडू मिळतात, मागितले तर.

एकदा असल्याच एका स्पर्धेत मी कडेला बसून कागदावर रेघा मारल्या. उजव्या बगलेत खेळणाऱ्या एका नऊ वर्षांच्या पोरानं वीस मिनिटांत किती वेळा चेंडूला हात-पाय लावला ते मोजत होतो. चार वेळा. त्यातला एक थ्रोइन चुकवून. उरलेला वेळ तो पळाला, उभा राहिला, बुटाची नाडी बांधली, आईकडं बघून हात हलवला. पुढच्या आठवड्यात त्यालाच मी चार-चारच्या खेळात घातलं, बॅडमिंटनच्या कोर्टाच्या दुप्पट जागेत, गोलला दोन-दोन वीटा. दहा मिनिटांत माझ्या रेघा मोजायच्या राहिल्या, कागद भरला. पोरगं तेच होतं. फक्त जागा त्याच्या मापाची होती आणि चेंडू त्याच्या वाट्याला येत होता.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं 'बेबी लीग' म्हणून जे सुरू केलं, ते याच्यापेक्षा वेगळं नाही. लहान मैदान, कमी पोरं, छोटे गोल, हंगामभर सामने. ही कल्पना देशात आधी ज्यांनी करून दाखवली त्यांच्यात मिझोराम पुढं होतं. तिथं तिला नाउपांग लीग म्हणतात. मिझोरामची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अकरा लाखांच्या आतबाहेर, आपल्या एका जिल्ह्याची जवळपास एकोणचाळीस लाख. आणि त्या डोंगराळ राज्यानं २०१४ साली राज्याराज्यांच्या संघांचा संतोष करंडक जिंकला, २०१७ साली त्यांचा ऐजॉल एफसी देशातल्या क्लबांच्या आय-लीगचा विजेता झाला. कोच कोण होते? मुंबईत खेळून, मुंबईत शिकवून गेलेले खालिद जमील, २०२५ साली भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले. म्हणजे कोच आपल्या राज्यातून गेला. पोरं मात्र त्यांना तिथल्या मातीत तयार मिळाली.

आपल्याकडं पोरं नाहीत असं कुणी म्हणू नये. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक आठवा. दिल्लीत भारत अमेरिकेशी खेळला त्या संध्याकाळी पेठेत पडदा लावला होता. अनिकेत जाधव मैदानात उतरला तेव्हा फटाके फुटले. फिफाच्या कुठल्याही गटातल्या विश्वचषकात भारत खेळण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्यात आपल्या कोल्हापूरचं पोरगं. मी रडलो, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी पोरांनी मला विचारलं, "सर, अनिकेत कुठल्या ग्राऊंडवर प्रॅक्टिस करत होता?" मला सांगावं लागलं की तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. रोजचं हक्काचं मैदान, वेळेवर जेवण, कोच, हे सगळं तिथं होतं. म्हणजे खेळाचं वेड इथलं आणि घडण अडीचशे किलोमीटरवरची. ज्यांच्या आई-वडिलांना पोरगं लांब पाठवायचं धाडस होत नाही, त्यांनी काय करायचं?

त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, आपल्या राज्यात एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा मोठा घाट घातला गेला होता. शाळाशाळांत नवे चेंडू आले. मैदानावर इतकी पोरं मी आयुष्यात पाहिली नव्हती. दिवस खरंच सुंदर होता, त्याची मी टिंगल करणार नाही. पण खेळ सोळा सप्टेंबरला शिकला जातो, सतराला शिकला जातो. सोळा तारखेला आमच्या भागातल्या एका शाळेचं फाटक संध्याकाळी पाचला नेहमीसारखं बंद झालं. चेंडू कपाटात, किल्ली शिपाईमामांकडं.

आता मैदानाचं मूळ दुखणं सांगतो. कोल्हापुरात मैदानं नाहीत असं नाही. आहेत. पण पोरांच्या वेळेला नाहीत. सीझनमध्ये दुपारपासून सीनियर संघांचे सामने, मग त्यांचे सराव. पावसाळ्यात चिखल. गांधी मैदानाचं घ्या. जुनी माणसं त्याला अजून वरुणतीर्थ म्हणतात, तिथं तळं होतं. तळं बुजवलं तरी पाणी आपली जागा विसरत नाही. जून-जुलैत ते परत येतं आणि मग बेडकांचा सराव चालतो. निचऱ्याचं काम हे मैदानाचं पहिलं काम. गॅलरी नंतर, रंग नंतर, कोनशिला सगळ्यात शेवटी. जमिनीला मधून कडेला हलका उतार, कडेनं चर, त्या चराला पुढं वाट, आणि वरचा थर मुरमाचा नाही तर मातीचा. शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. मैदानाच्या कामाचा कागद करणाऱ्याला मात्र समजावून सांगावं लागतं. एका ठिकाणी तर सपाटीकरणाच्या नावाखाली रस्त्याच्या कामातली उरलेली खडी आणून पसरली. त्यावर पडलं की पोराचा गुडघा किसणीवर घातल्यासारखा निघतो.

भाड्याच्या टर्फचा पर्याय मला सगळे सुचवतात. हिरवंगार, दिवे, जाळी, झकास. पण तासाचा दर ऐकला की माझ्या पोरांपैकी निम्मी घरी राहतात. कुणाचे वडील हमाली करतात, कुणाची आई चार घरची धुणीभांडी. शिवाय त्या प्लॅस्टिकच्या गवतावर दुपारी चारला पाय टाकून बघा, तवाच. टर्फ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, तो धंदा आहे आणि धंद्यासारखा चालतो. ज्याच्याकडं पैसे आहेत त्यालाच खेळता येईल असा फुटबॉल मात्र कोल्हापूरनं आजवर कधी खेळला नाही. मातीत अनवाणी खेळून इथं पेठेचे हिरो झालेत.

मुलींविषयी थोडं लिहितो. जाणून थोडंच लिहितो, कारण गोष्ट इतकी साधी आहे की जास्त लिहिलं तर गुंतागुंतीची वाटायला लागेल. माझ्याकडं नऊ ते बारा वयाच्या चौदा मुली येत होत्या. त्यातली एक तर डाव्या पायाची, चेंडू बुटाला शिवल्यासारखी न्यायची. तेराव्या वर्षापर्यंत त्यातल्या तीन राहिल्या. मी एकेकीच्या घरी गेलो. पहिली दोन कारणं मला सांगितली गेली ती अभ्यास आणि क्लास. तिसऱ्या घरात चहा झाल्यावर आई मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "सर, तिथं बाथरूम नाही. ती सकाळपासून पाणीच पीत नाही सरावाच्या दिवशी." पोरगी पाणी न पिता दीड तास पळत होती आणि मी कोच म्हणून तिला 'स्टॅमिना कमी पडतोय' असं सांगत होतो. ज्या नवी मुंबईत २०२२ साली मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, ती आपल्याच राज्यात आहे. मला तसलं स्टेडियम नको. एक आतून कडी लागणारं दार, एक नळ आणि एक पिशवी टाकायचा डबा पाहिजे. तुमच्या तालमीची इमारत मैदानापासून शंभर पावलांवर असेल, तर तिथलं स्वच्छतागृह संध्याकाळी दोन तास मुलींसाठी उघडं ठेवा. एवढ्यानं होतं. एका मंडळानं केलंय, ठराव न करता, कुणाला न सांगता. म्हणून मीही नाव सांगत नाही.

आता पैशाचं. मला माहिती आहे तुम्ही वैतागता. "सर, वर्गणी जमत नाही, पोरांच्या बुटाचं बघू का पावतीचं?" खरंय. पण सीझन सुरू होण्याआधी बाहेरचा एखादा खेळाडू आणायचा ठरला की एका रात्रीत पैसे उभे राहतात, हेही मी आतून पाहिलंय. त्याची राहायची सोय, जेवण, मानधन. तो येतो, चार गोल मारतो, मे महिन्यात निघून जातो. त्याच्यावर माझा राग नाही, चांगला खेळाडू बघून आमची पोरंही शिकतात. पण त्या पैशाचा दहावा हिस्सा बाजूला काढला तर काय होईल ते ऐका. उद्यमनगरात पाइप वाकवून देणारा फॅब्रिकेटर शोधा. बारा फूट रुंद, सहा फूट उंच असे चार छोटे गोल त्याच्याकडून करून घ्या. ज्या गावात ऑइल इंजिनं आणि कास्टिंग होतात, तिथं हे कुणाला अवघड आहे? फक्त एक सांगा त्याला: गोलपोस्ट मागून जमिनीत ठोकून घट्ट करायची सोय कर. नुसते ठेवलेले लोखंडी गोल पोरं लोंबकळली की पुढं उलटतात. जगात असे गोलपोस्ट अंगावर पडून मुलं दगावलेली आहेत. आपल्याकडं अजून कानावर आलं नाही, एवढंच.

आणि कोच. प्रत्येक मंडळात एखादा तरी जुना खेळाडू असतो, गुडघा गेलेला, कट्ट्यावर बसून सगळ्यांच्या चुका सांगणारा. त्याला फीचे पैसे द्या आणि महासंघाच्या डी लायसन्सच्या, म्हणजे कोचच्या परवान्याच्या कोर्सला पाठवा. मी तिशी ओलांडल्यावर गेलो. खेळलो पंधरा वर्षं, पण त्या कोर्सच्या पहिल्याच दिवशी कळलं की मला शिकवता येत नाही, फक्त ओरडता येतं. पोरांना रांगेत उभं करून एकेकाला किक मारायला लावायची आणि बाकीच्या पंधरांनी बघत उभं राहायचं, यालाच मी सराव समजत होतो. रांग हा लहान पोराचा शत्रू आहे. रेशनच्या दुकानात उभं राहतात तसं उभं राहून कुणी ड्रिबल शिकत नाही. एका पोराला एक चेंडू, निदान दोघांत एक, आणि खेळता खेळता शिकवायचं. कोर्सनं मला हे दिलं. शिव्या द्यायचं अजून पूर्ण सुटलं नाही, प्रयत्न चालू आहे.

पोरांच्या तोंडी तुमची भाषा कशी जाते, तेही एकदा येऊन ऐका. मागच्या वर्षी मी दोन पेठांतल्या पोरांचा मिळून एक संघ केला. जाळीदार जॅकेट वाटली, तर आठ वर्षांचं एक पोरगं मागं सरकलं. "मी हा कलर घालणार नाही. पप्पा मारतील." समोरच्या पेठेचा रंग होता तो. मी म्हटलं, "बरं, तू उलटं घाल." आतून पांढरं होतं. त्यानं उलटं घातलं आणि मग तासभर त्याच समोरच्या पेठेच्या पोराला असे सुंदर पास दिले की मी शिट्टी वाजवायची विसरलो. स्टेडियमवर राडा झाला, सामना थांबला, बंदोबस्त वाढला की आपण सगळे काळजीची पत्रकं काढतो. त्या राड्याची प्राथमिक शाळा आपणच चालवतो. ती बंद करायची असेल तर आठ वर्षांच्या पोरांना एकमेकांत मिसळून खेळवा. पेठेचा अभिमान त्यांना पुढं आपोआप येईल, त्याची काळजी नको, तो या पाण्यातच आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी मुंबईत वानखेडेवर येऊन गेला. क्रिकेटच्या स्टेडियमवर, पण असो. माझ्या पोरांनी मोबाइलवर बघितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पाठीवर पेननं दहा नंबर. त्यांना मी काय दिलं? चुंबक ओढायला.

म्हणून मागणं असं आहे. या हंगामात तुमच्या मंडळाच्या नावानं किंवा तुमच्या नेत्यांच्या नावानं जो चषक भराल, त्यात सीनियर सामन्याआधी अर्धा तास मैदान पोरांना द्या. आडवी दोन छोटी मैदानं आखा, सात-सात पोरं, छोटे गोल, चार नंबरचा चेंडू. गुणतक्ता नको, चषक नको, मालिकावीर तर मुळीच नको. गॅलरी तोवर भरत आलेलीच असते, तेवढ्या माणसांसमोर पोरगं एक पास जरी बरोबर देऊन गेलं तरी ते घरी जाऊन झोपणार नाही. शेवटी दोन्ही बाजूंना रेवड्या वाटा. खरोखरच्या रेवड्या, तिळाच्या. महागात पडणार नाही. आणि शाळांची मैदानं संध्याकाळी पाच ते सात उघडायला संस्थाचालक का कचरतात ते मला ठाऊक आहे: काच फुटली तर कोण, पोरगं पडलं तर कोण, नळ तुटला तर कोण. तिथं तुमच्या तालमीनं हमी घ्यावी, लेखी. अध्यक्षांची सही. माझ्यासारख्या कोचच्या सहीला किंमत नाही, तुमच्या सहीला या शहरात आहे. पेठेतल्या सगळ्या गोष्टींची हमी तुम्ही घेताच की.

मांडववाल्यालाही तुम्हीच सांगू शकता. आपल्या भागातल्या मैदानावर मांडव घालायचा तर अनामत भरायची आणि शेवटचा खिळा निघाल्यावर परत घ्यायची. महापालिकेच्या परवानगीत काय लिहिलंय ते असू दे. तुमच्या माणसानं पहाटे जाऊन नुसता उभा राहून बघितलं तरी मांडववाला खिळे वेचून नेईल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तो दहा वर्षांचा गोली आता बारा वर्षांचा झालाय. अधूनमधून येतो, गोलमागं बसतो, चेंडू बाहेर आला की पायानं परत देतो. त्याची किक अजून सरळ आहे. परवा मी विचारलं, "उतरतोस का?" तर मैदानाकडं बघून म्हणाला, "नांगरलं का?"

येत्या रविवारी सकाळी सहाला आम्ही नांगरणार आहोत. शुक्रवारी तिथं मेळावा आहे. चुंबक माझ्याकडं एकच आहे. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर जुना, फुटका लाउडस्पीकर पडला असेल तर तेवढा घेऊन या.

तुमचाच,
मंडळाचा एक जुना हाफ, सध्या पोरांचा कोच